इंग्रजी वाक्प्रचार नुसते घोकू नका

वाक्प्रचारांची लांबलचक यादी पाठ करायला बसू नका. ती परीक्षेपुरती टिकते, ऐन मीटिंगमध्ये आठवत नाही. त्यापेक्षा वाक्प्रचार आला कुठून, ते आधी बघा. 'स्टिकी विकेट' क्रिकेटमधला. खेळपट्टी झाकायची पद्धत नव्हती, तेव्हा पावसानंतर वाळत जाणाऱ्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळायचा आणि फलंदाजाची त्रेधातिरपीट उडायची. म्हणून अर्थ झाला अवघड परिस्थिती. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच उमगतं. 'बॉलपार्क फिगर' मात्र अमेरिकेतल्या बेसबॉलचा. क्लायंटने मागितली तर ढोबळ अंदाज सांगा, पै-पैचा हिशेब नको.

बोलणारा कुठला आहे, तेही बघा. विषय 'टेबल' करू या, असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो चर्चेला घ्यायचा असतो, अमेरिकन म्हणाला तर तूर्त बाजूला ठेवायचा. शंका आली तर सरळ विचारा, त्यात कमीपणा कसला!

'किक द बकेट' म्हणजे मरणे, हे माहीत असू द्या. पण कुणाचं सांत्वन करताना चुकूनही वापरू नका. तिथे 'पास्ड अवे' म्हणा.

आणि वहीत नुसता अर्थ लिहू नका. ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा, कोण कुणाला म्हणालं तेही.