द्राक्षाच्या मण्यात साखर भरते ती संजीवकांमुळे का?

घड जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या, म्हणजे वनस्पतीची वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्याच्या) द्रावणात बुडवले तर साखर वाढते का, असे तुम्ही विचारले आहे. माझे बालपण नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागेत गेले आणि पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून या प्रश्नाविषयी मला विशेष आस्था आहे. जीए साखर निर्माण करत नाही. ती ओढून घेण्याची मण्याची क्षमता मात्र वाढवते.

पानात तयार झालेली साखर सुक्रोजच्या रूपात रसवाहिन्यांतून वाहते. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडल्याप्रमाणे हा प्रवाह दोन टोकांच्या दाबातील फरकावर चालतो. त्यामुळे जो मणी साखर लवकर उतरवून घेतो त्याच्याकडे ओघ वळतो. बियांच्या द्राक्षात ऑक्झिन आणि जिबरेलिन (जीए याच गटातले) या संजीवकांचा मोठा पुरवठा बियांकडून होतो. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीत फलन होऊनही बीज लवकर खुंटते आणि ती उणीव आपण बाहेरून जीए देऊन भरून काढतो. मणी फुगतो, त्याची मागणी वाढते. पण पाने तेवढीच असतील, तर तीच साखर मोठ्या मण्यात विरळ होते.

खरा बदल घडतो तो मण्यात पाणी उतरताना, म्हणजे तो मऊ होऊन पिकू लागताना. तोवर सुक्रोज मुख्यतः पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतून आत जात असते. या अवस्थेत ॲबसिसिक आम्ल या संजीवकाचे प्रमाण वाढते आणि सुक्रोज रसवाहिनीतून पेशींबाहेरच्या जागेत उतरू लागते. तेथे इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, आणि वाहक प्रथिने त्या शर्करा पेशीत घेऊन रिक्तिकेत (पेशीतील साठवणीच्या पोकळीत) साठवतात. बाहेर सुक्रोज साचून राहत नसल्यामुळे ओघ थांबत नाही. ही रचना मला आजही थक्क करते. ऑक्झिन मात्र पक्वता लांबवते, आणि सायटोकायनिन या संजीवकासारखे काम करणारे सीपीपीयू हे कृत्रिम द्रव्य जास्त झाले तर मणी टणक व मोठे होतात, पण ब्रिक्स (रसातील साखरेचे माप) उशिरा चढतो.

म्हणून माझे मत असे की, डिपिंगची (घड द्रावणात बुडवण्याची) मात्रा वाढवण्याआधी वेलीवर घडांची संख्या किती आहे आणि त्या मानाने निरोगी पाने पुरेशी आहेत का, हे पाहावे. द्राक्षात स्टार्चचा साठा जवळजवळ नसतो. त्यामुळे अढीतल्या आंब्याप्रमाणे ते तोडल्यानंतर गोड होत नाही.