दुसऱ्या खुर्चीवरून

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

'काम मी ओढते, सही साहेबांची.' तुझ्या पत्रातलं हे वाक्य झोंबलं. राजीनामा टाइप करून ठेवलायस म्हणे. राहू दे तो ड्रॉवरमध्ये. जागा सोडू नकोस.

सुब्रतो मुखर्जींचं नाव तू फुटबॉलच्या चषकामुळे ऐकलं असशील. 1932 साली इंग्लंडातल्या क्रॅनवेलच्या वायुदल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या हिंदी वैमानिकांपैकी ते एक. 1 एप्रिल 1933ला कराचीत ड्रिग रोडवर हिंदी वायुदलाची पहिली स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली, तेव्हा विमानं चार, तीही जुनाट वापिटी. पाच वैमानिकांतले दोघे त्याच वर्षी अपघातात गेले. मुखर्जी टिकले. स्क्वॉड्रनचं नेतृत्व मिळालं थेट 1939मध्ये.

पुढे वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानात वेढा पडलेल्या एका ठाण्यातल्या गोळ्या संपत आल्या. मुखर्जींनी आणि त्यांच्या गनरनं विमानातल्या मशीनगनच्या गोळ्या काढल्या, पायमोज्यांत भरल्या आणि वरून टाकल्या. सांग, कुणाची सही लागली?

स्वातंत्र्यानंतर लष्कराला जानेवारी 1949मध्ये पहिले हिंदी प्रमुख मिळाले, करिअप्पा. वायुदलावर मात्र एकामागून एक तीन इंग्रज प्रमुख, आणि मुखर्जी त्यांच्या हाताखाली. 1952मध्ये, वीस वर्षांच्या नोकरीनंतर, हा माणूस पुन्हा इंग्लंडला शिकायला गेला! प्रमुखाची खुर्ची मिळाली 1 एप्रिल 1954ला, स्क्वॉड्रनच्या एकविसाव्या वाढदिवशी. भोगली जेमतेम साडेसहा वर्षं. 1960मध्ये टोकियोत जेवताना घास अडकला आणि गेले, वय अवघं एकोणपन्नास. (पत्नी शारदाबाई माहेरच्या पंडित, आपल्या मराठी. नंतर रत्नागिरीच्या खासदार झाल्या.)

अन्याय गिळ असं म्हणत नाही. भांड, लेखी भांड. पण जागा सोडू नकोस.

मी सोडली होती. चाळिशीत एका कारखान्यात दुसऱ्या नंबरवर होतो. बाहेरून साहेब आणला, त्याच संध्याकाळी तिरमिरीत कागद टाकला. नवा प्लांट माझ्याच आराखड्यावर उभा राहिला. उद्घाटनाचा फोटो मी पेपरात पाहिला. तेव्हा घरी आई अंथरुणाला खिळलेली, त्यात तो साहेब उर्मट, कुणीही हेच केलं असतं. खरं तर नसतं केलं. माझ्या हाताखालचे चौघे तिथेच राहिले होते.

असो. रविवारी ये. राजीनामा आण, टेस्टिंगची वहीही आण. आधी वही बघू.

तुझा,
काका