ताकद वाढवून का भागत नाही? वाचकांचे प्रश्न : वायफाय, फोटॉन आणि गुरुत्वीय लहरी

प्रश्न : वसतिगृहाच्या तीन मजल्यांवर आमचे बारा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणाऱ्या पेट्या) आहेत. सगळ्यांची पॉवर कमाल ठेवली आहे. मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते, तरी रात्री नऊनंतर साधं पान उघडत नाही. आणखी चार पॉइंट बसवावेत का?
— वसतिगृह व्यवस्थापक, सोलापूर

बसवू नका. तुमच्याकडे सिग्नल भरपूर आहे, हवेतला वेळ कमी पडतोय. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा मूळ नियम. पाठवण्याआधी प्रत्येक उपकरण कानोसा घेतं आणि २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल दुबळा) किंवा त्याहून जोरकस वायफाय संदेश ऐकू आला की थांबतं. पॉवर कमाल केल्यामुळे तळमजल्यावरचा पॉइंट दुसऱ्या मजल्यावरही ऐकू जातो आणि तिथला पॉइंट विनाकारण गप्प बसतो. शिवाय मोबाइलचा ट्रान्समीटर तुमच्या पॉइंटपेक्षा दुबळा असतो. म्हणून रेंज पूर्ण दिसते, पण मोबाइलचं उत्तर पोचत नाही. तेच पुन्हा पाठवावं लागतं आणि प्रत्येक खेप सगळ्यांचा वेळ खाते.

बीकनचा, म्हणजे पॉइंटच्या नाव जाहीर करणाऱ्या छोट्या संदेशाचा, हिशेब तर अवश्य करा. प्रत्येक पॉइंट दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपलं नाव जाहीर करतो आणि विद्यार्थी, कर्मचारी, पाहुणे अशी तीन नावं असतील तर तिघांचे बीकन वेगळे जातात. १ एमबीपीएस या जुन्या वेगाने ३०० बाइटच्या बीकनला सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात. एकाच चॅनलवर एकमेकांना ऐकू येणारे चार पॉइंट असले, तर बारा बीकनमध्ये ३१ मिलिसेकंद जातात. म्हणजे कोणी एक अक्षरही पाठवण्याआधी ३० टक्के वेळ संपला! किमान वेग १२ एमबीपीएस ठेवलात तर हाच खर्च ३ टक्क्यांच्या आत येतो. फक्त ८०२.११बी हे वायफायचं जुनं मानक जाणणारी फार जुनी उपकरणं मग जोडली जाणार नाहीत, ही किंमत मोजायला हरकत नाही. नावंही तीनाची दोन करा.

२.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनल फक्त १, ६ आणि ११. मोकळा दिसतोय म्हणून ३ किंवा ८ निवडू नका. एकाच चॅनलवरचे शेजारी निदान आळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनलचे शेजारी एकमेकांचे संदेश वाचू शकत नाहीत, त्यामुळे ते एकमेकांसाठी नुसता गोंगाट ठरतात. या पट्ट्यात पॉवर ९-१० डीबीएमपर्यंत उतरवा आणि ५ गिगाहर्ट्झवर १५ च्या आसपास ठेवा, म्हणजे मोबाइल आपणहून ५ गिगाहर्ट्झकडे वळतील. तिथे ८० मेगाहर्ट्झची रुंदी घेऊ नका, २० किंवा ४० पुरे. ५२ ते १४४ या चॅनलवर पॉइंटला आधी ६० सेकंद रडारचा कानोसा घ्यावा लागतो आणि मध्येच रडार जाणवलं तर चॅनल सोडावा लागतो. सगळ्यांचं जोडणं एकदम तुटत असेल तर लॉगमध्ये हीच नोंद शोधा.

त्यानंतर प्रत्येक पॉइंटच्या शेजारच्या पॉइंटांची यादी काढा (सगळे पॉइंट सांभाळणारे बहुतेक कंट्रोलर ती देतात) आणि बारा बाय बाराचा तक्ता करा. उणे ८२ पेक्षा जोरात ऐकू येणाऱ्या जोड्या कागदावर रेघेने जोडा. सगळ्यात जास्त रेघा असलेल्या पॉइंटपासून सुरुवात करून तीन चॅनल वाटत जा. चार पॉइंट सगळेच एकमेकांना ऐकत असतील तर तीन चॅनल पुरणारच नाहीत. अशा वेळी त्यातल्या एकाचा २.४ चा रेडिओ सरळ बंद करा.

प्रश्न : नेटवर्कचे चॅनल वाटण्याचं काम क्वांटम संगणक करणार, असं वाचलं. यात भौतिकशास्त्राचा काय संबंध?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नाशिक

संबंध जुना आणि सुंदर आहे. वरच्या उत्तरातला रेघांचा कागद घ्या. प्रत्येक पॉइंट म्हणजे तीन अवस्थांचा एक स्पिन (अणूएवढा इवलासा चुंबक), प्रत्येक चॅनल म्हणजे एक अवस्था आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकच अवस्था आली की ऊर्जा एकने वाढते. हे रेन्फ्री पॉट्स यांनी १९५२ मध्ये मांडलेलं प्रतिमान आहे. सर्वांत कमी ऊर्जेची रचना म्हणजेच सर्वोत्तम वाटणी. स्पिन ग्लासच्या (अस्ताव्यस्त जोडलेल्या स्पिनांच्या) सिद्धांतातून पुढे हेही कळलं, की यदृच्छया काढलेल्या मोठ्या आलेखात (ठिपके आणि रेघांच्या जाळ्यात) प्रत्येक ठिपक्याचे सरासरी शेजारी ४.६९ च्या पुढे गेले की तीन रंग, म्हणजे आपले तीन चॅनल, जवळजवळ कधीच पुरत नाहीत. इमारत मात्र यदृच्छ नसते. तिथे शेजारी गटागटाने येतात, म्हणून अडचण त्याआधीच सुरू होते.

बारा पॉइंटांच्या वाटण्या ३ चा १२ वा घात, म्हणजे ५,३१,४४१. लॅपटॉप त्या सगळ्या क्षणात तपासतो. पन्नास पॉइंटांसाठी आकडा ७ × १०²³ होतो, पण तेव्हाही सगळ्या तपासायच्या नसतात. कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेची यांनी १९८३ मध्ये मांडलेली सिम्युलेटेड ॲनीलिंगची (धातू हळूहळू थंड करावा तशी वाटणी थोडीथोडी बदलत सुधारण्याची) पद्धत चांगली वाटणी लवकर देते. ऊर्जा मोजताना प्रत्येक रेघेला १ न देता तिथल्या रहदारीइतकं वजन द्या, निकाल लगेच व्यवहार्य होतो.

क्वांटम ॲनीलरवर (सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधणाऱ्या क्वांटम यंत्रावर) हाच प्रश्न ३६ द्विमान (० किंवा १ असणाऱ्या) चलांचा होतो : बारा पॉइंट गुणिले तीन चॅनल. ‘एका पॉइंटला नेमका एकच चॅनल’ ही अट तिथे दंड लावून पाळावी लागते. दंड कमी पडला तर एखाद्या पॉइंटला चॅनलच मिळत नाही. जास्त झाला तर खऱ्या वजनांमधला फरक यंत्राच्या नियंत्रणातल्या त्रुटींमध्ये बुडतो. डी-वेव्हच्या २०२० च्या ॲडव्हान्टेज यंत्रात ५,००० हून अधिक क्यूबिट (क्वांटम संगणकाचे मूळ घटक) आहेत, पण एक क्यूबिट १५ इतरांशीच जोडलेला. त्याहून दाट आलेख बसवायला एका चलासाठी अनेक क्यूबिटांची साखळी करावी लागते आणि साखळी मध्येच फुटली की उत्तर संशयास्पद. वसतिगृहासाठी लॅपटॉपच वापरा.

प्रश्न : ४०५ नॅनोमीटरचा लेझर आणि बीबीओ स्फटिक (एका फोटॉनचे दोन करणारा) वापरून आम्ही ८१० नॅनोमीटरच्या फोटॉन-जोड्या मिळवतो. हाँग-औ-मँडेल प्रयोगातली घट (दोन सारखे फोटॉन किरणविभाजकावर एकदम पोचले की जोड-नोंदींत येणारी) दिसत नाही. दहापट ताकदीचा लेझर घ्यावा का?
— एम.एस्सी. भौतिकशास्त्र, कोल्हापूर

तुम्ही कळवलेले आकडे असे : प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला ५०,००० नोंदी, ४,००० जोड-नोंदी (दोन्ही डिटेक्टरवर एकाच वेळी), ‘एकाच वेळी’ मानण्याची खिडकी ५ नॅनोसेकंद. योगायोगाने होणाऱ्या जोड-नोंदी = ५०,००० × ५०,००० × ५ × १०⁻⁹ = १२.५. लेझर दहापट केला तर खऱ्या जोड्या दहापट होतील, पण योगायोगाच्या शंभरपट, म्हणजे १,२५०. खऱ्या-खोट्याचं गुणोत्तर ३२० वरून ३२ वर येईल. उलट दोन्ही बाजूंचं फायबर-कपलिंग (फायबरमध्ये शिरणाऱ्या फोटॉनांचं प्रमाण) दुप्पट केलंत तर जोड-नोंदी चौपट होतात आणि हे गुणोत्तर बिघडत नाही. तुमचं जोड-नोंदी भागिले एकेरी नोंदी हे प्रमाण ८ टक्के आहे. आधी तिथे हात घाला.

घट न दिसण्याचं कारण मात्र बहुधा मार्गाच्या लांबीत आहे. १० नॅनोमीटरच्या फिल्टरला सुसंगती-लांबी (दोन मार्ग जितक्या फरकाच्या आत जुळायला हवेत ती) ८१०² ÷ १०, म्हणजे सुमारे ६६ मायक्रोमीटर. स्टेज ०.१ मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकवलीत तर घट ओलांडून जाल आणि कळणारही नाही. तात्पुरता ३ नॅनोमीटरचा फिल्टर लावा. नोंदी घटतील, पण घट सुमारे २२० मायक्रोमीटर रुंद होऊन सापडेल. मग १० मायक्रोमीटरचे टप्पे घ्या. दोन फायबरच्या लांबीतला १ मिलिमीटरचा फरक हवेतल्या सुमारे १.४५ मिलिमीटरइतका असतो, तोही धरा. घट सापडली पण उथळ असेल, तर फायबरमध्ये ध्रुवीकरण फिरतंय. ध्रुवीकरण जुळवणारे फायबरचे पॅडल फिरवून पाहा. घटीची खोली ५० टक्क्यांच्या पुढे गेल्याशिवाय तो परिणाम क्वांटम म्हणता येत नाही. आणि डिटेक्टर चालू असताना खोलीतला दिवा लावू नका.

प्रश्न : औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत ‘स्क्वीझ्ड’ (अनिश्चितता दाबलेला) प्रकाश कशाला? लेझरच मोठा का नाही?
— शिक्षक, हिंगोली

लेझर वाढवला की फोटॉनांच्या मोजणीतला गोंगाट उच्च वारंवारतेला घटतो. पण त्याच फोटॉनांचा दाब ४० किलोच्या आरशांना हलवतो आणि कमी वारंवारतेचा गोंगाट वाढतो. आरशांवरचे शोषक ठिपके तापून पृष्ठभाग बिघडतो, ते वेगळंच. कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये दुसरी वाट दाखवली : निर्वाताचीच अनिश्चितता एका दिशेने दाबायची आणि ती व्यतिकरणमापीत (प्रकाशकिरण एकत्र आणून अतिसूक्ष्म अंतर मोजणाऱ्या उपकरणात) सोडायची. कमी आणि उच्च वारंवारतेला दाबाची दिशा वेगळी हवी, म्हणून अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंमध्ये वारंवारतेनुसार ही दिशा फिरवणारी ३०० मीटर लांबीची फिल्टर-पोकळी बसवली आहे.

इथला शत्रू म्हणजे प्रकाशाची गळती. १० डेसिबल दाबलेला (म्हणजे गोंगाट एक दशांश केलेला) प्रकाश ३० टक्के गळाला तर उरतात ०.७ × ०.१ + ०.३ = ०.३७, म्हणजे जेमतेम ४.३ डेसिबल. सुरुवात १५ डेसिबलने केली तरी ४.९ च मिळतात. त्याऐवजी गळती २० टक्क्यांवर आणली तर १० डेसिबलमधूनच ५.५ हाती लागतात.