आमच्या ३५ जणांच्या कॉयरला ब्राम्स या जर्मन संगीतकाराचं 'जर्मन रिक्विएम' (कॉयर, सोलो गायक आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मृतांच्या स्मरणाची मोठी रचना) करायचं आहे. ऑर्केस्ट्रा परवडत नाही. नुसत्या पियानोवर केलं तर लोक हसतील का?

हसणार नाहीत. हसलेच तर त्यांना सांगा, लंडनमध्ये हे पहिल्यांदा असंच झालं होतं. जुलै १८७१, सर हेन्री थॉम्प्सन या सर्जनच्या घरी. कॉयर साधारण तुमच्याएवढाच, एक पियानो आणि त्यावर दोघं वाजवणारे: थॉम्प्सनबाई, म्हणजे पियानिस्ट केट लोडर, आणि जवळजवळ ऐंशीचे सिप्रियानी पॉटर. गायले तेही इंग्रजीत. चार हातांची ती प्रत ब्राम्सने स्वतः केलेली आहे, कुणा प्रकाशकाच्या कारकुनाने नाही.

हे मी एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण 'पियानोवर केलं तर तालीम चाललीय असं वाटेल' हे वाक्य मी आमच्याच कॉयरमध्ये ऐकलंय. बोलणारे ज्येष्ठ, सगळे त्यांना अंकल म्हणतात. मी वसईचा. आमच्याकडे चर्चमध्ये मराठी गायनाला माणसं कमी पडत नाहीत, पण व्हायोलिनवाले मुंबईहून आणायचे तर त्यांचं मानधन, गाडी, जेवण यातच पॅरिशचं बजेट संपतं. उपवासकाळात रिक्विएमचे पहिला, दुसरा आणि चौथा असे तीन भाग करायचे ठरले. बॅरिटोन सोलो गाणारा कुणी नव्हता, म्हणून तिसरा आणि सहावा सोडला. शाळेतला अपराइट पियानो टेम्पोत घालून आणला, ट्यूनर बोलावला. प्रिमोला, म्हणजे पियानोच्या वरच्या सुरांच्या बाजूला, माझी मावसबहीण; सेकोंदोला, म्हणजे खालच्या बाजूला, मी.

अंकलचं म्हणणं, पियानो राहू दे, पण शेजारी कीबोर्डवर 'स्ट्रिंग्ज'चा आवाज लावा, म्हणजे भरल्यासारखं वाटेल. दुसऱ्या भागात तर हवाच. तिथे कॉयर आधी हळू, एकाच सुरात गातो. मग ऑर्केस्ट्रा चढत जातो आणि तेच पुन्हा पूर्ण ताकदीने येतं. तो चढ पियानोला झेपणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्यासमोरही.

तालमीला कीबोर्ड लावून बघितला. त्या स्ट्रिंग्जचा आवाज पट्टी दाबल्यावर लगेच येत नाही, फुगत फुगत येतो. वाजवणारा तालात असला तरी ऐकणाऱ्याला मागे वाटतो. टेनर त्याच्यासाठी थांबायला लागले, बेस पियानोबरोबर पुढे गेले, मधे आल्टो बिचाऱ्या कंडक्टर सरांकडे बघत उभ्या. शिवाय त्या गुळगुळीत आवाजाखाली व्यंजनं बुडतात. सरांनी काही न बोलता कीबोर्डचं बटण बंद केलं. अंकल महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, जणू बटण मीच दाबलं!

कार्यक्रमाच्या दिवशी पंखे चालू ठेवावे लागले, नाहीतर पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं उठून गेली असती. पानं कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी धरलेली. चार हातांच्या वादनात पेडल सेकोंदोवाल्याकडे असतं. दुसऱ्या भागात टिंपनीचे (ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांचे) ते तीन-तीनचे ठोके खालच्या पट्टीत माझ्या वाट्याला; पेडल जरा जास्त वेळ दाबून राहिलं की नुसता गलका. म्हणून मी जवळजवळ कोरडंच वाजवलं. चढ आला तेव्हा बहिणीचा डावा हात आणि माझा उजवा एकमेकांवर आपटत होते, बाक करकरत होतं, आणि कॉयर जो फुटला तो फुटला. नंतर फादरांनी विचारलं ते एवढंच, की या वेळी शब्द इतके स्पष्ट कसे आले. पियानोचा सूर लगेच विरतो, शब्दाला जागा मिळते, म्हणून आले.

आता तुमच्या कामाचं. बाजारातली नेहमीची व्होकल स्कोअर (गायकांच्या ओळी आणि खाली ऑर्केस्ट्राचा एका पियानिस्टसाठी केलेला सारांश) घेऊन एका माणसाला पियानोवर बसवू नका. ती तालमीसाठीच असते, आणि मग अंकल खरे ठरतात. चार हातांची प्रतच घ्या, इंटरनेटवर फुकट मिळते. मात्र ती गायकांशिवाय घरी वाजवता यावी अशीही लिहिलेली आहे, त्यामुळे कॉयरच्या ओळी पियानोतही आहेत. सोप्रानो जे गातेय तेच प्रिमो ठणठणीत वाजवत बसला तर दोघांचंही वाटोळं. पेन्सिल घेऊन अशा जागा कापा किंवा हळू करा. लय थोडी जलद ठेवा, कारण व्हायोला-चेलो सूर धरून ठेवतात तसा पियानो धरत नाही आणि कॉयरचा श्वास संपतो. पहिल्या भागात हे लगेच जाणवेल. तिथे ब्राम्सने व्हायोलिन ठेवलेलीच नाहीत, सगळा भार खालच्या तंतुवाद्यांवर आहे. एक टिंपनीवाला मिळाला तर जरूर घ्या. त्या एका माणसाने जेवढा फरक पडतो तेवढा चार भाड्याच्या व्हायोलिनांनी पडत नाही.

हे सगळं ब्राम्सपुरतं, हे आधीच सांगायला हवं होतं. प्रत्येक मोठं काम असं होत नाही. रोसिनीचं 'पेतित मेस' हे मिस्सासंगीत मुळातच दोन पियानो आणि हार्मोनियमसाठी आहे. ऑर्केस्ट्रा त्याने नंतर घातला आणि माझ्या मते घालायला नको होता. कार्ल ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'ची दोन पियानो आणि तालवाद्यांची १९५६ची प्रत चांगली आहे, पण तालवाद्यवालेच पाच-सहा लागतात. व्हेर्दीच्या रिक्विएमच्या वाटेला मात्र नुसत्या पियानोवर जाऊ नका. त्यातल्या 'तूबा मिरुम' या भागातल्या लांबून वाजणाऱ्या तुताऱ्या पियानोवर आणणार कशा?

आणि तुमच्याकडेही कुणी कीबोर्ड घेऊन आलंच, तर त्याला ऑर्गनच्या आवाजावर ठेवा. ब्राम्सच्या तिसऱ्या भागाच्या शेवटच्या फ्यूगमध्ये (एकच धून एकामागून एक आवाज उचलत जातात तिथे) खाली एकच डी सूर सलग चालू असतो. पियानोला तो पुन्हापुन्हा ठोकावा लागतो आणि ऐकायला कंटाळवाणं होतं. मूळ स्कोअरमध्येही ऑर्गन ऐच्छिक आहेच. तेवढा डी धरायचा, बाकी काही वाजवायचं नाही. अंकलना मी हे सुचवलं होतं, पुढच्या वर्षी तिसरा भाग घेऊ तेव्हा तुम्ही हा सूर धरा म्हणून. त्यांना एक बोट दाबून उभं राहणं कमीपणाचं वाटतं.