दिव्यांग भावाला ग्रामपंचायतीच्या ५ टक्के निधीतून घर मिळेल का?

अख्खं घर मिळणं अवघड आहे, पण त्या निधीवर तुमच्या भावाचा हक्क नक्की आहे. हे ५ टक्के घरपट्टीसारख्या ग्रामपंचायतीच्या स्व-उत्पन्नावर मोजतात, शासनाच्या अनुदानावर नाही; लहान गावात त्यातून फारसं काही उभं राहत नाही. घरासाठी घरकुल योजनेतच अर्ज करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे गृहनिर्माण योजनांत दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण आहे, त्यातही महिलांना प्राधान्य. मात्र प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं आणि योजनेचे बाकीचे निकषही बसायला हवेत. गेल्या वर्षीचा ५ टक्के निधी कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत जरूर विचारा, लेखी उत्तर मागा.