असाइल अॅनायन इक्विव्हॅलंट ओळखायचा कसा?

असाइल अॅनायन म्हणजे कार्बोनिलच्या (सी=ओ) कार्बनवर ऋणभार असलेला गट; त्याचं काम करणारा अभिकर्मक म्हणजे त्याचा इक्विव्हॅलंट. नावं पाठ करत बसू नकोस. उत्पादनातला सी=ओ शोध आणि विचार: याच कार्बनने नवा बंध करताना इलेक्ट्रॉन दिले का? उत्तर 'हो' असेल, तर तो अभिकर्मक असाइल अॅनायनचं काम करतोय. कार्बोनिलचा कार्बन एरवी इलेक्ट्रॉन घेणारा, इथे तो देणारा होतो. यालाच उम्पोलुंग (ध्रुवता उलटणं) म्हणतात.

बेन्झाल्डिहाइडचं उदाहरण घे. १,३-प्रोपेनडायथायॉलशी जोडलं की डायथिएन (दोन गंधक असलेलं वलय) मिळतं. दोन गंधकांमधला तो हायड्रोजन (पीकेए, म्हणजे आम्लतेचं माप, सुमारे ३१) एन-ब्युटिल लिथियम काढून नेतो. उरलेला कार्बन ऋण. त्यावर बेन्झिल ब्रोमाइड टाक, मग पाऱ्याच्या क्षाराने पाण्यात गंधक सोडव: डीऑक्सिबेन्झॉइन हाती येतं. कोरी आणि झीबाख यांनी १९६५ मध्ये हीच वाट दाखवली. (त्या थायॉलचा वास मात्र विसरता येत नाही!)

हमखास फसवणारा म्हणजे इनोलेट (कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून मिळणारा अॅनायन). सी=ओ दिसतो, ऋणभारही असतो, पण हल्ला शेजारचा अल्फा कार्बन करतो. तो असाइल अॅनायन नव्हे. मीही सुरुवातीला इथेच गुण घालवले.

नायट्रोअल्केनचा अॅनायन मात्र चालतो, कारण नंतर नेफ अभिक्रियेने तोच कार्बन कार्बोनिल होतो. बेन्झॉइन संघननात (बेन्झाल्डिहाइडचे दोन रेणू जोडणाऱ्या अभिक्रियेत) सायनाइड हेच काम उत्प्रेरक म्हणून करून घेतो. सायनाइड स्वतः जोडला गेला आणि त्याचं आम्ल केलं, तर तो कार्बॉक्सिल अॅनायनचा पर्याय, असाइलचा नाही.

रेट्रोसिंथेसिसमध्ये (उत्पादनापासून मागे जात मार्ग आखताना) अल्फा-हायड्रॉक्सी कीटोन किंवा १,४-डायकीटोन दिसला, की आधी इकडेच संशय घे.