घोड्यांच्या यंत्राआधी पॉलिसीचं बघा

प्रश्न : मी अमेरिकेत असतो. वय ५२, पगार १,२०,००० डॉलर. पत्नी नोकरीत, मुलगा कमावता. नाणं टाकून घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचं १९३०च्या दशकातलं 'पेसेस रेसेस' यंत्र ६,००० डॉलरला घेतलं. त्याची हवेवर चालणारी यंत्रणा गळते. दुरुस्तीला ११,००० सांगितलेत. मग ते २५,०००ला विकून निवृत्तीत भर घालेन. विमा एजंट म्हणतो, दुरुस्तीसाठी इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) पॉलिसीवर कर्ज काढा. तिचा हप्ता महिना ७०० डॉलर. तो झेपावा म्हणून चार वर्षांपूर्वी ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत योजनेत, भरणं बंद केलं. कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंतच्या भरण्यावर निम्मी भर घालते. पॉलिसी सोडली तर १९,००० मिळतील.

उत्तर : यंत्राचा हिशेब आधी उरकते. खर्च १७,०००. २५,००० आलेच असं धरू. लिलावाचं कमिशन १५ टक्के धरलं तर सुमारे २१,००० हातात. नफा ४,०००, संग्राह्य वस्तूंवर दीर्घ मुदतीचा कर २८ टक्क्यांपर्यंत असतो, म्हणजे उरले तीनेक हजार. एवढं अवजड यंत्र ठेवायला जागा असलेले गिऱ्हाईक मोजके. त्यातून १९५१च्या जॉन्सन कायद्यामुळे जुगाराचं यंत्र दुसऱ्या राज्यात पाठवण्यावर बंधनं आहेत, आणि जुनं यंत्र घरी ठेवण्याचे नियम राज्यागणिक वेगळे. निवृत्तीची भिस्त यावर नको.

तुमचं खरं नुकसान शेवटच्या तीन वाक्यांत आहे. १,२०,०००चे ६ टक्के ७,२००. त्यावर कंपनीचे ३,६००. चार वर्षांत १४,४०० डॉलर तुम्ही घेतलेच नाहीत. दुरुस्ती करून वर पैसे उरले असते! ६७व्या वर्षापर्यंत असंच चाललं तर आणखी ५४,०००, वाढ न धरता.

आणि त्याबदल्यात काय मिळालं? ३३,६०० भरले, हातात १९,०००. या पॉलिसीत निर्देशांकाच्या वाढीवर मर्यादा असते, लाभांश धरत नाहीत, विम्याचं शुल्क वयाबरोबर चढतं. बाजार पडला की 'शून्याखाली जात नाही' म्हणतात, पण शुल्क त्या वर्षीही कापलं जातंच. पत्नी आणि मुलगा दोघंही कमावत असताना ही पॉलिसी निवृत्तीची सोय म्हणून गळ्यात मारणं मला अजिबात पटत नाही. वर त्याच एजंटनं तिच्यावर व्याजाचं कर्ज सुचवावं, याचा राग येतो. हे कर्ज काढू नका.

येत्या पगारापासून ४०१(के)मध्ये ६ टक्के सुरू करा. महिना ६०० डॉलर, तेही करापूर्वीचे, हप्त्यापेक्षा कमीच. विमा कंपनीकडून ४ टक्के परतावा धरून पॉलिसीत पुढे किती रक्कम राहील त्याचा नवा तक्ता लेखी मागवा, आणि सरेंडर शुल्क (पॉलिसी सोडताना कापली जाणारी रक्कम) कोणत्या वर्षी किती उतरतं तेही. घरावर कर्ज असेल तर आधी टर्म विमा मंजूर करून घ्या, मगच ही सोडा.

यंत्राची हौस असेल तर हौस म्हणूनच, बचतीतून, टप्प्याटप्प्यानं करा. ही यंत्रणा स्वयंचलित पियानोच्या जातीची : छिद्रांची कागदी गुंडाळी, निर्वात पंप, भाते. भात्यांचं रबरी कापड कडक होऊन चिरतं, नळ्या सुकतात. आधी पंप आणि नळ्या तपासून घ्या, भाते त्यानंतर. कारागिराला लाकडी जोडांसाठी जनावरी सरसच वापरायला सांगा. तो उष्णतेनं सुटतो. आधुनिक पांढऱ्या गोंदानं चिकटवलेले जोड पुढच्या दुरुस्तीत लाकडासकट फाटतात. सगळ्या पावत्या जपून ठेवा. विकलंत तर दुरुस्तीचा खर्च खरेदी किमतीत धरता येतो.